कासवाच्या खोलीतली तिसावी विद्यार्थिनी

खोली नंबर नऊमध्ये पूर्वी शिवणकाम शिकवत. ते बंद झाल्यावर बरीच वर्षं तिथे मोडकी बाकं आणि नाताळच्या नाटकाचं सामान पडून होतं. मग एका ऑगस्टमध्ये आमचे मुख्याध्यापक ड्वोरॅक यांनी कुठून तरी अनुदान मिळवलं, खोली झाडून घेतली आणि भिंतीला लागून तीस कॉम्प्युटर मांडले. गणितात दोन-तीन इयत्ता मागे पडलेल्या मुलांनी रोज पाऊण तास तिथे बसायचं, आणि एका प्रोग्रामनं त्यांना जिथे अडलं असेल तिथून उचलून वर आणायचं, अशी योजना होती. पडद्याच्या खालच्या कडेला एक हिरवं कासव असे. उत्तर बरोबर आलं की ते एक पाऊल पुढे सरके. चुकलं की थांबे, आणि हेडफोनमधून गोड आवाज येई, "छान प्रयत्न! चल, पुन्हा पाहू." कंपनीनं त्या प्रोग्रामला दिलेलं भारदस्त नाव महिनाभरात सगळे विसरले. तो प्रोग्राम म्हणजे कासव, आणि तिथे जाणारी मुलं, अर्थातच, कासवं.

मी त्या शाळेत सहावीला गणित शिकवायचे. मुलं निवडून तिकडे पाठवायचं काम माझंच होतं. पण पाऊण तास त्यांच्यावर लक्ष ठेवायला कुणी शिक्षक तयार होईना. तेव्हा ड्वोरॅकनी स्वयंपाकघरातून लिओना रायझिगला बोलावलं. एकोणसाठ वर्षांची, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. चौदा वर्षं ती शाळेत चारशे मुलांचं जेवण रांधत होती.

"शिकवायचं काही नाही हं, लिओना," ड्वोरॅक म्हणाले. "मुलं बसलीत, हेडफोन कानावर आहेत, कुणी झोपलेलं नाही, एवढंच बघायचं. शिकवतंय ते मशीन."

"मग मी स्वयंपाकघराबाहेर कशाला पडू? ओव्हनसुद्धा स्वतःच शिजवतो," लिओना म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी ती इस्त्रीचा ब्लाउज घालून खोली नऊच्या दारात उभी होती.

तिची गोष्ट मला तुकड्यातुकड्यानं कळली. आमचा भाग नेब्रास्काच्या पश्चिम टोकाचा, साखरेच्या बीटचा. तिचे आजोबा रशियातल्या जर्मन वस्तीतून इथे बीट खणायला आले, आणि वडलांनी स्वतःची ऐंशी एकर जमीन केली. ती काउट्झांची थोरली मुलगी. ऑक्टोबर उजाडला की बीट निघायचं आणि वडील तिला शाळेतून काढून शेतावर न्यायचे, चांगले पाच-सहा आठवडे. दरवर्षी. आणि आमच्याकडे अपूर्णांक शिकवतात ऑक्टोबरमध्ये.

"तिसरीत गेला ऑक्टोबर, चौथीत गेला, पाचवीत गेला," ती बोटांवर मोजत म्हणाली. "परत यायचे तेव्हा पोरं पुढच्या धड्यावर. बाईंना विचारलं की बाई सुस्कारा टाकायच्या. मग विचारणंच सोडलं."

तरी ती हट्टानं शिक्षिका व्हायला निघाली होती. अठराव्या वर्षी नव्वद मैलांवरच्या कॉलेजात गेली आणि एक सत्र राहिली. तिसऱ्या मजल्यावरची खोली होती, खिडकीतून पाइनच्या टेकड्या दिसायच्या. बाकीच्या विषयांत चांगले गुण, गणितात नापास. नाताळला घरी आली ती परत गेलीच नाही. वसंतात ऑर्विल रायझिगशी लग्न झालं.

"पदवीबिदवीचं नाही गं मला काही," ती एकदा म्हणाली. "पहिल्या दिवशी सकाळी फळ्यावर आपलं नाव लिहायचं असतं ना, वळून मुलांकडे बघायचं असतं, तेवढं राहिलं. चाळीस वर्षं झाली, अजून ऑगस्टात शाळा उघडली की ते आठवतं."

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतरची गोष्ट. शाळा सुटल्यावर ती माझ्या वर्गात आली आणि दार लोटून घेतलं.

"कासवाची लायसन्सं तीस आहेत ना? मुलं एकोणतीस."

"हो. का?"

"तिसावं फुकट जातंय." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला घाल."

मी हसले नाही, याचं मला आजही बरं वाटतं. मी कॉम्प्युटर उघडला. लिओना रायझिग हे नाव कर्मचारी म्हणून आधीच नोंदलेलं होतं, तेच नाव विद्यार्थी म्हणून चालेना. "कोणतं आडनाव घालू?"

"काउट्झ घाल. त्या पोरीचंच गणित राहिलंय."

चाचणीत कासवानं लिओना काउट्झला तिसरीच्या अपूर्णांकांत बसवलं. ती रोज साडेतीनला खोलीचं दार लावून तासभर बसू लागली. मी कधी वह्या तपासायला तिथेच जाऊन बसे. ती पडद्याशी भांडायची. "अरे मेल्या, आत्ताच तर हेच उत्तर बरोबर होतं!" आणि कासव म्हणे, "छान प्रयत्न! चल, पुन्हा पाहू."

"हा मूर्ख आवाज ऐकून वैताग येत नाही तुला?" मी विचारलं.

ती म्हणाली, "हे सुस्कारा टाकत नाही, कोरिन."

त्या वेळी मला आठवलं की त्याच दिवशी सकाळी मी दोनदा सुस्कारा टाकला होता. एकोणतिसांपैकीच एका मुलापाशी.

जानेवारीत ती अडकली. तीन अष्टमांश मोठे की दोन पंचमांश? कासव पिझ्झा दाखवायचं, एक आठ तुकड्यांचा आणि एक पाच तुकड्यांचा. दोन्ही गोल, दोन्ही सारखेच वाटायचे. ती चार दिवस अडली. पाचव्या दिवशी सकाळी पहिल्या तासाआधी ती धावतच माझ्याकडे आली. हातात जेवणाच्या यादीचा उलटा कागद होता, त्यावर पेन्सिलीनं चौकटी काढल्या होत्या.

"दालचिनीच्या रोलचा ट्रे! चिलीच्या रश्श्याबरोबर आपण देतो ना, तो. एका ट्रेत चाळीस रोल. आडवे आठ, उभे पाच. हे बघ, तीन अष्टमांश म्हणजे उभ्या तीन रांगा. पंधरा रोल. दोन पंचमांश म्हणजे आडव्या दोन रांगा. सोळा. एका रोलनं मोठे! चौदा वर्षं हा ट्रे मी हातानं भरला, कोरिन. उत्तर माझ्या हातात होतं."

मी वीस वर्षं समान छेद शिकवत होते. इतकं सरळ कधी मला सांगता आलं नव्हतं.

ऑर्विलला हे सगळं विचित्र वाटायचं. तो साखर कारखान्याचे ट्रक चालवायचा. चर्चच्या जेवणाला तो मला म्हणाला, "माझ्या घरात सहावीतली मुलगी आलीय हो. भांडी घासताना म्हणते, नऊ दशांश घासून झाली." लिओनानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. पण तिच्या कॉम्प्युटरशेजारी ठेवायला लाकडी पेन्सिलपेटी त्यानंच करून दिली होती.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये इत्झेल बाराझा आली. तेरा वर्षांची, बारीक, केस डोळ्यांवर ओढलेले. वडील गोठ्यांवर कामाला. जिथे दूध काढायला माणसं हवीत तिथे हे कुटुंब जायचं. पाच वर्षांतली ही सातवी शाळा. चाचणीत ती चौथीच्या सुरुवातीला आली. दोन आठवड्यांत तिचं कासव सगळ्यांच्या पुढे पळू लागलं आणि मला फार आनंद झाला. लिओनाला झाला नाही.

"ती वाचतच नाही," लिओना म्हणाली. "चार पर्याय असतात. टकटकटक चारही दाबते. एक तर बरोबर येणारच."

दुसऱ्या दिवशी तिनं इत्झेलच्या कानावरचे हेडफोन हळूच काढले आणि शेजारी खुर्ची ओढली. आमच्या योजनेत हे बसत नव्हतं. शिकवतंय ते मशीन.

"घाई कुठली आहे, पोरी?"

"संपवायचंय."

"का?"

"अर्धवट राहतं," इत्झेल म्हणाली. "नेहमी अर्धवटच राहतं. मग दुसऱ्या शाळेत पहिल्यापासून."

लिओनानं कागद घेतला आणि रोलचा ट्रे काढायला घेतला.

भिंतीवर एक मोठा पडदा होता. आठवड्यात कोण किती पावलं पुढे गेलं, ते त्यावर नावानिशी लागायचं. एका शुक्रवारी इत्झेलनं तो नीट वाचला आणि मोठ्यांदा विचारलं, "ही लिओना के. कोण? माझ्या खाली आहे. कधी दिसत नाही वर्गात."

"दांडी मारत असेल," कुणी तरी म्हणालं. पोरं हसली. "ढ दिसतेय."

मी दारातच उभी होते. लिओना सावकाश उठली.

"मी आहे ती," ती म्हणाली.

मग कोपऱ्यातून एक मुलगा हळूच म्हणाला, "तुम्ही? पण तुम्ही तर म्हाताऱ्या आहात."

"म्हणून तर घाई आहे," लिओना म्हणाली. "तुम्ही वेळ आहे म्हणून लोळताय."

त्या दिवसानंतर खोली नऊची हवा बदलली. मुलं येताना आधी पडद्याकडे बघत, लिओना के. कुठवर आली ते. इत्झेल आणि तिची तर शर्यतच लागली. "मिसेस रायझिग, कालच्या दिवसात चारच पावलं? ऑर्विलकाकांनी काम लावलं होतं वाटतं!" "तू आपलं बघ गं, शेवटची तीन तू अंदाजानं मारलीस, मला कळतं." इत्झेल आता सावकाश उत्तरं देऊ लागली होती. अडली की हेडफोन काढून हात वर करायची. नाताळापर्यंत ती पाचवीच्या निम्म्यावर आली. लिओना सहावीच्या गुणोत्तरात होती. तिथे ती अडायची, आणि तेव्हा इत्झेल तिच्या पडद्यात डोकावून म्हणायची, "थांबा, सांगू नका मला. मी तिथे येईन तेव्हा आपण मिळून करू."

फेब्रुवारीत एका सोमवारी इत्झेलची खुर्ची रिकामी होती. मंगळवारी पण. बुधवारी ऑफिसातून कळलं की गोठ्याच्या मालकानं माणसं कमी केली आणि बाराझा कुटुंब शनिवारीच निघून गेलं. कुठे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पडद्यावर तिचं कासव पाचवीच्या शेवटच्या धड्यावर उभं राहिलं. नव्या मुलाला ती जागा द्यायची म्हणून मी नाव काढायला बसले, तर लिओनानं माझा हात धरला.

"माझं काढ. त्याला माझी जागा दे."

"तुझं गुणोत्तर चाललंय, लिओना."

"ते मी तुझ्या पुस्तकातून करीन. तिचं राहू दे. ती परत आली तर तिला पहिल्यापासून नको."

ती परत येणार नाही, हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. मी नव्या मुलाला लिओनाची जागा दिली. लिओना काउट्झ हे नाव पडद्यावरून गेलं. इत्झेल बी. राहिलं, आठवड्याला शून्य पावलं.

त्यानंतर लिओना अंगणात मुलांच्या बस लागत तेव्हा खिडकीशी उभी राहायची. कुणाची वाट बघतेस, असं मी विचारलं नाही. एकदा तीच म्हणाली, "निदान सांगून जायला हवं होतं. काय सांगणार होती म्हणा बिचारी."

मार्चच्या अखेरीस आयडाहो राज्यातल्या एका शाळेनं इत्झेलचे कागद मागवले. लिओनानं मला प्रोग्राममधून तिचे आकडे काढायला लावले. एका पानभर तक्ते आले. ती बराच वेळ ते बघत राहिली.

"यात ती कुठेच नाहीये," ती म्हणाली.

तिनं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पत्र लिहिलं. पेन्सिलीनं, शाळकरी अक्षरात. मला ते जवळजवळ पाठ आहे.

"ज्या कुणाकडे इत्झेल बाराझा येईल त्यांस. तिला अपूर्णांक येतात. तुमचं मशीन येत नाहीत म्हणालं तर ऐकू नका, तिला कागदावर ट्रे काढायला सांगा. ती भराभर उत्तरं दाबू लागली तर ती आळशी नाही, तिला वाटतंय की इथूनही जावं लागणार. तेव्हा हेडफोन काढा आणि शेजारी बसा. गुणोत्तरापासून पुढे करायचं आहे. ती मागे नाही. तिची वाट नुसती सारखी तुटते."

ड्वोरॅकनी पत्र वाचून चष्मा काढला. "लिओना, पत्र चांगलंय. पण अधिकृत कागदांत शिक्षकाचीच टिपणी जाते. तू तिची शिक्षिका नाहीस."

लिओनाचा चेहरा पडला. तिनं पत्र परत घ्यायला हात पुढे केला. मी मध्येच ते घेतलं, तिच्या नावाखाली माझी सही केली आणि ड्वोरॅकपुढे ठेवलं. "आता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पत्र पाकिटात घालून ते स्वतःच्या हातानं बंद केलं.

मे महिन्यात अनुदान संपलं. जिल्ह्यानं दुसरा काही प्रोग्राम घ्यायचं ठरवलं आणि एकतीस तारखेला कासव बंद होईल अशी ईमेल आली. शेवटच्या आठवड्यात आयडाहोहून उत्तर आलं. लिओनासारखंच काम करणाऱ्या कुणा बाईनं लिहिलं होतं:

"इत्झेल आमच्याकडे सहा आठवडे होती. आमचा प्रोग्राम वेगळा आहे, त्यानं तिला मागे तिसरीत बसवलं होतं. तुमचं पत्र वाचून मी तिला पुढे नेलं आणि शेजारी बसले. मागच्या शुक्रवारी ते लोक गेले. वॉशिंग्टन राज्याकडे, असं ती म्हणाली. तुमचं पत्र मी तिच्या कागदांत परत ठेवलं आहे, खाली दोन ओळी माझ्या लिहून."

लिओनानं ते दोनदा वाचलं. "सहा आठवडे," ती म्हणाली. "गुणोत्तर झालं असेल ना गं?"

"झालं असेल," मी म्हटलं. मला काय ठाऊक? पण दुसरं काही म्हणता येईना.

त्या जूनमध्ये लिओनानं कॉलेजची गणिताची प्रवेश परीक्षा दिली. ऑर्विल तिला ट्रकमधून घेऊन गेला आणि तीन तास बाहेर उन्हात बसून राहिला. ती बाहेर आली तेव्हा तो म्हणाला, "किती दशांश?" ती म्हणाली, "घरी चल." निकाल आठवड्यानं आला. ती पास झाली होती, आणि बऱ्यापैकी गुणांनी. तिनं मला फोन केला आणि एकेक प्रश्न सांगत बसली. मी फोन कानाला लावून ऐकत राहिले.

मग घरी बसून, कॉम्प्युटरवरून, पदवीचा एकेक विषय. तीन वर्षं. एकदा ती आपलं ते जुनं कॉलेज बघायला गेली, तर तिची खोली असलेली इमारत पाडून तिथे गाड्या लावायची जागा केलेली. "टेकड्या आहेत पण," ती आल्यावर म्हणाली. "टेकड्या तशाच आहेत." पदवी निम्मी झाली आणि ऑर्विलला पक्षाघात झाला. डावी बाजू गेली. लिओनानं पुस्तकं कपाटात ठेवली. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "पुरे झालं, कोरिन." पण ते कपाट तिनं जेवणाच्या टेबलासमोरच हलवून घेतलं होतं.

आमच्या राज्यात निम्मी पदवी झालेल्याला बदली शिक्षकाचा परवाना मिळतो. कुणी शिक्षक आजारी पडला की एका दिवसापुरतं त्या वर्गावर जायचं. ड्वोरॅकनी निवृत्त होण्याआधी तिच्यासाठी केलेलं ते शेवटचं काम. पहिल्यांदा ती गेली ती संगीताच्या वर्गावर. सुरातलं तिला ओ की ठो कळत नाही. मी माझ्या मोकळ्या तासाला डोकावले. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, मिसेस रायझिग. शाळकरी, गोल गोल अक्षर. मुलं ढोल बडवत होती आणि ती फळ्याशी उभी होती, खडू हातातच.

आता ती सदुसष्ट वर्षांची आहे. वर्षाला वीस-पंचवीस दिवस बोलावणं येतं, तेही अगदी सकाळी. म्हणून शाळेच्या प्रत्येक दिवशी ती साडेपाचला उठते, इस्त्रीचा ब्लाउज घालते, बूट चढवते, डबा भरते आणि फोनशेजारी बसते. बहुतेक दिवस फोन वाजत नाही. मीही आता निवृत्त; परवा सकाळी त्यांच्याकडे गेले होते, साडेआठ होऊन गेले होते. शाळेची घंटा त्यांच्या अंगणात ऐकू येते. ती वाजून संपली.

"बाईसाहेब," ऑर्विल जड जिभेनं म्हणाला, "आज पुन्हा दांडी?"

"गप्प बैस रे," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी कॉफी ओतायला उठली. मी म्हटलं, आता बूट तरी काढ, पाय दुखतील. तिनं घड्याळाकडे पाहिलं.

"राहू दे गं," ती म्हणाली. "कुणाला तरी दुपारून ताप येतो कधी कधी."